अवरक्तातून ताऱ्यांचा जन्म : दादरच्या अभ्यासवर्गाविषयी

दादरच्या एका हौशी आकाशनिरीक्षक मंडळाने डिसेंबरमध्ये चार रविवार घेतलेला मराठी अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. आपल्या जवळच्या आण्विक मेघांत, म्हणजे थंड वायू आणि धुळीच्या ढगांत, सूर्याएवढे किंवा त्याहून लहान तारे कसे जन्मतात आणि अवरक्त (इन्फ्रारेड) प्रारणातून, म्हणजे तांबड्यापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातून, ते कसे पाहिले जातात, हा त्याचा विषय होता. ८०० रुपये शुल्क आणि चार दुपारी, या दोन्हींचे चीज झाले. एक तक्रार मात्र आहे, आणि ती किरकोळ नाही.

पहिल्याच दिवशी शिक्षकांनी कचऱ्याची काळी पिशवी हातावर चढवली. डोळ्यांना हात दिसेना, पण औष्णिक कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाचही बोटे उजळ दिसत होती आणि त्यांच्या चष्म्याच्या काचा मात्र मिट्ट काळ्या झाल्या होत्या. एका प्रकाशाला जे अपारदर्शक ते दुसऱ्या प्रकाशाला पारदर्शक, हे इतक्या थोडक्यात मला आजवर कोणी दाखवले नव्हते. त्यांनी लगेच आकडाही दिला : ज्या धुळीत दृश्य प्रकाश १० प्रतींनी, म्हणजे १०,००० पटींनी मंद होतो, तिच्यात २.२ मायक्रॉन तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश साधारण एकाच प्रतीने, म्हणजे सुमारे अडीच पटींनी, मंद होतो.

वृषभेतला मेघ सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर आहे. नकाशात कृत्तिका आणि अग्नी हा तारा यांच्या जवळपास मधोमध बोट ठेवले की त्याचा गाभा सापडतो. तिथल्या गोठलेल्या गाठींचे तापमान उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यामुळे त्या दूर अवरक्तातच उजळतात. आत तारा आकार घेऊ लागला की भोवतालची धूळ तापते आणि आणखी लहान तरंगलांबीवर प्रारण सोडू लागते. १९८३ मधल्या आयरास उपग्रहापासून २००३ मध्ये गेलेल्या स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीपर्यंतची अवरक्त निरीक्षणाची वाटचाल दुसऱ्या वर्गात नीट उलगडली.

वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग मात्र तिसऱ्या रविवारी होता, आणि तोच घाईत उरकला गेला. तरुण तारा वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे त्याच्या अवरक्त वर्णपटाच्या उतारावरून, म्हणजे तरंगलांबीनुसार त्याचे तेज कसे वाढते किंवा घटते यावरून, ठरते. स्पिट्झरने पाच जवळच्या मेघांत असे हजाराहून अधिक तारे मोजले. एकाही ताऱ्याचे बालपण आपण पूर्ण पाहू शकत नाही, परंतु कोणत्या टप्प्यावर किती तारे आहेत हे मोजले तर तो टप्पा किती काळ टिकतो याचा अंदाज करता येतो. भोवती वायू आणि धुळीची तबकडी उरलेला टप्पा सुमारे २० लाख वर्षांचा धरला, तर त्याआधीचा, धुळीच्या आवरणात दडलेला टप्पा साधारण ५ लाख वर्षांचा निघतो. ताऱ्यांचा जन्मदर मधल्या काळात सारखाच राहिला, हे त्यात गृहीत आहे. या गृहीतावर अर्धा तास चर्चा व्हायला हवी होती. मिळाली जेमतेम पाच मिनिटे.

आता तक्रार. छापील टिपणे संपूर्ण कृष्णधवल आहेत. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने टिपलेले वृषभेतल्या एल १५२७ या आदिताऱ्याचे, म्हणजे अजून घडत असलेल्या ताऱ्याचे, छायाचित्र त्यांत आहे. मूळ चित्रात धूळ जिथे विरळ तिथे निळा रंग आणि जिथे दाट तिथे नारिंगी, म्हणजे रंग हीच तिथली माहिती आहे. हातात आलेल्या पानावर दोन राखाडी पंखांपलीकडे काही उरले नव्हते. अवरक्ताच्या वर्गात रंग गाळून चालणार नाही. शुल्क १०० रुपयांनी वाढवले तरी कोणी कुरकुर करणार नाही.

आणखी एक उणीव मुंबईकर म्हणून खटकली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटरची दूर अवरक्त दुर्बीण हैदराबादहून बलूनने वर पाठवून आकाश पाहिले, लडाखमधल्या हानले येथील दोन मीटर दुर्बिणीसाठी टिर्स्पेक हे अवरक्त उपकरण सिद्ध केले, आणि तरी चार दिवसांत या संस्थेचा उल्लेख एकदाही आला नाही.

शेवटच्या रविवारची रात्र आकाश पाहण्यासाठी मुंबईबाहेर वांगणीला होती. शिक्षकांनी लेझरने मेघाची जागा दाखवली आणि तिथे डोळ्यांना उजेड दिसणार नाही, हेही स्पष्ट सांगितले. द्विनेत्रीतून पाहिल्यावर कृत्तिकांच्या गर्दीनंतर पूर्वेला तारे खरोखरच विरळ झालेले दिसले आणि त्या रिकाम्या जागेवरून माझी नजर बराच वेळ हलली नाही. बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र आठवत असेल तर या वर्गाला जरूर जावे. नाव नोंदवताना टिपणे रंगीत मिळणार का, एवढे आधी विचारून घ्यावे.