विंटर टायर आणि ‘विंटर पॅकेज’च्या नावाखाली ८४० डॉलरला गंडवलं, टोरंटो-मिसिसागाकडच्यांनी वाचा

हे लिहायला लाज वाटतेय, पण राग त्याहून जास्त आहे, आणि नोव्हेंबर आला की नवीन आलेली आपली माणसं ह्याच सापळ्यात अडकणार आहेत म्हणून लिहितोय. हिशोब आधी सांगतो. चार विंटर टायर (बर्फात पकड धरणारे हिवाळी टायर) लोखंडी रिमसकट फिटिंग करून ६२० डॉलर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, थंडीत न गोठणारं द्रव) बदलायचे ९०, गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून ऑइल स्प्रे १३०. एकूण ८४०. ह्यातलं कामाला आलं काय तर फक्त ते चार रिम.

आपल्या ओंटारिओ प्रांतात विंटर टायर सक्तीचे नाहीत, शेजारच्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे, त्यामुळे आपल्याकडे सगळे शेवटपर्यंत थांबतात आणि पहिला बर्फ पडला की एकदम सगळ्या गॅरेजमध्ये झुंबड. मी चार ठिकाणी फोन केले, सगळीकडे डिसेंबरच्या मध्यापर्यंत बुकिंग फुल. बायकोला पहाटेच्या शिफ्टला सोडायचं असतं, मुलगी डेकेअरला, बस त्या वेळेला नाही. सांगा ना, काय करायचं माणसाने? तेव्हाच जाहिरात दिसली, घरी येऊन बसवून देतो, कोरोलाचा साइज २०५/५५ आर १६ तयार आहे, टायर ‘एकच सीझन वापरलेले’. माणूस हिंदीत बोलणारा, भैया भैया करणारा, “आप नए हो, मैं समझता हूँ” वगैरे. २०० आगाऊ मागितले, ई-ट्रान्सफरने (बँकेतून ईमेलवर पैसे पाठवतात ते) दिले. बाकीचे काम झाल्यावर, म्हणजे मला वाटलं सेफ आहे, काम बघूनच देतोय ना.

आता तो क्षण, जो अजून डोक्यातून जात नाही. टायरवर डीओटी ही अक्षरं आणि पुढे एक नंबर लिहिलेला असतो, त्याच्या शेवटी चार आकडे, म्हणजे टायर कधी बनला ते, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. हे मला माहीत होतं! मी वाचून आलो होतो! चारही टायर बसवून झाले, मी मोबाईलचा टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसलो आणि शोधतोय, डीओटी दिसतंय, पुढची अक्षरं दिसतायत, आणि ते शेवटचे चार आकडे नाहीत. दुसऱ्या टायरवर पण नाहीत. तिसऱ्यावर पण नाहीत. मी विचारलं तर तो एकदम सहज म्हणाला, “अंदर की साइड होता है भाई, कंपनी ऐसे ही बनाती है.” आणि हरामखोरी बघा, ते अर्धं खरं आहे. तारखेसकट पूर्ण नंबर टायरच्या एकाच बाजूला असला तरी नियमाला चालतं. पण मग चारच्या चार टायरची तीच बाजू आत कशी गेली? मुद्दाम घातली म्हणून गेली. त्याच वेळी एक चाक उतरवून दाखव म्हणायला हवं होतं. पण बाहेर उणे सहा, हात बधिर, तो बिचारा (तेव्हा बिचाराच वाटला) उघड्या हातांनी नट आवळत होता, आणि अशा माणसाला खोटारडा कोण म्हणणार तोंडावर? तुम्ही पण म्हटलं नसतं. बाकीचे ६४० पण ई-ट्रान्सफर केले आणि तो गेला.

डॅशबोर्डवर टायरमधल्या हवेचा पिवळा लाइट लागला तो लागलाच. त्यावर उत्तर, “कॅनडा में विंटर में सबका जलता है.” हे पण अर्धं खरं, कारण वेगळ्या रिमवर सेन्सर नसेल तर लाइट राहतोच, पुष्कळ लोक तसेच चालवतात. पण मग हवा कमी झाली तरी कळणार नाही, आणि थंडीत तापमान दर साडेपाच डिग्री उतरलं की साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा आपोआप उतरते, त्यामुळे गेज घेऊन हाताने तपासत जा, आळस करू नका.

मग डिसेंबरात ४०३ हायवेवरून हुरॉन्टारिओ रस्त्याच्या एक्झिटला, हलका बर्फ, स्पीड कमी, बायको आणि मुलगी मागे, ब्रेक दाबला आणि गाडी वळलीच नाही. सरळ कर्बवर, म्हणजे रस्त्याकडेच्या कठड्यावर. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण मुलगी रडत होती आणि आम्ही तिच्या बापाने, म्हणजे मीच, पैसे मोजून ‘सेफ’ केलेल्या गाडीत बसलो होतो, हे काय वाटतं ते सांगता येत नाही.

खऱ्या गॅरेजमध्ये चाकं उतरवली तेव्हा आतल्या बाजूला तीन टायरवर २९११. म्हणजे २०११चा एकोणतिसावा आठवडा. एकच सीझन! नक्षी साडेतीन-चार मिलिमीटर उरलेली, आणि ४ मिलिमीटरच्या जवळ आलेला टायर बर्फात वापरू नका असं सरकारच सांगतं. रबर वाळून लाकूड झालेलं. चौथा टायर तर विंटरचा नव्हताच, ऑल-सीझन, त्यावर नुसतं एम+एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ). लक्षात ठेवा, एम+एस ला भुलू नका, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा कण हे चिन्ह पाहिजे, ते असेल तरच तो टायर बर्फाच्या टेस्टमध्ये पास झालेला असतो. ऑल-वेदर नावाच्या टायरवर ते चिन्ह असतं, ऑल-सीझनवर सहसा नसतं, नावं सारखी आहेत म्हणून गोंधळ होतो आणि हे लोक त्याचाच फायदा घेतात.

आणि कूलंट. निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर उणे ३५-३७ पर्यंत गोठत नाही. माझ्या गाडीतलं तपासलं तर उणे ११. ह्याने चांगलं होतं ते काढून नळाचं पाणी ओतलं होतं, ९० डॉलर घेऊन! जानेवारीत एका रात्री उणे वीस गेलं असतं तर इंजिनच्या ब्लॉकला तडा जाऊ शकला असता. ऑइल स्प्रेचं तर विचारूच नका, काळा रंग मारला होता, एका कारवॉशमध्ये निघाला.

नवीन चार टायर ७४८, त्यावर १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) ९७.२४, म्हणजे ८४५.२४. शिवाय कर्बवर आपटल्यामुळे अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत आणणं) १२९ वेगळे, कूलंट पुन्हा भरायचे पैसे वेगळे.

आता मदतीचं ऐका. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, समोरच्याच्या खात्यात जमा झालेत, आता रद्द होत नाही. म्हणजे चोराच्या खात्याचा नंबर, नाव, ईमेल सगळं बँकेकडे आहे आणि मला सांगत नाहीत कारण त्याची प्रायव्हसी! माझे पैसे, पोरीसकट माझी गाडी कर्बवर आपटली, आणि प्रायव्हसी त्याची. पोलिसांचा ऑनलाइन फॉर्म भरला, फोन केला, अर्धा तास होल्डवर, मग ऐकवलं की वस्तू तर मिळाली ना तुम्हाला, हे सिव्हिल मॅटर आहे, म्हणजे गुन्हा नाही, तुमचं तुम्ही कोर्टात बघा. मी म्हटलं साहेब, २०११ चा टायर एकच सीझन वापरलेला म्हणून विकणं आणि पाणी कूलंट म्हणून भरणं सिव्हिल कसं? परत तेच वाक्य. ग्राहक संरक्षणवाल्यांना फोन केला तर लेखी एस्टिमेट आहे का, बिझनेसचं नाव काय, पत्ता काय? अहो पत्ता असता तर मीच गेलो असतो! स्मॉल क्लेम्स कोर्टातही (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) तेच, नोटीस पोचवायला पत्ता लागतो. जाहिरातीची तक्रार केली तर आपोआप उत्तर की आमच्या नियमांचं उल्लंघन दिसत नाही. प्रत्येकाकडे माझ्यासाठी एक फॉर्म आहे आणि फॉर्म भरल्यावर कोणीच नाही. कमाल म्हणजे विंटर टायरसाठी इन्शुरन्समध्ये डिस्काउंट असतो, २०१६ पासून ओंटारिओत सगळ्या कंपन्यांना तो द्यावाच लागतो, त्यांनी पावती मागितली, आणि पावती तर त्याने दिलीच नव्हती.

पावती घ्याच. पावतीशिवाय काम केलं की १३ टक्के एचएसटी वाचतो म्हणून सगळे करतात, मीही सगळ्यांसारखंच केलं, पण रीतसर गॅरेज असेल तर ओंटारिओच्या कायद्याने लेखी एस्टिमेटपेक्षा १० टक्क्यांच्या वर लावता येत नाही, आणि नव्या पार्टची आणि मजुरीची ९० दिवस किंवा ५,००० किलोमीटर वॉरंटी असते. हे कागदावर मिळतं, पार्किंगमध्ये नाही. पैसे कार्डाने द्या, निदान चार्जबॅक, म्हणजे कार्ड कंपनीकडून पैसे परत, मागता येतो. टायर बसवायच्या आधी, जमिनीवर पडलेले असताना, दोन्ही बाजू पलटून बघा, चारही. नक्षी मोजायचं गेज पाच-सात डॉलरला मिळतं. बसवल्यावर साधारण शंभर किलोमीटरनंतर नट परत टॉर्क करून (ठरलेल्या जोराने आवळून) घ्या, माझ्या एका चाकाचे दोन नट सैल निघाले. आणि बुकिंग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच करा, तापमान ७ डिग्रीखाली जायला लागलं की साधा टायर कडक व्हायला लागतो, बर्फाची वाट बघायची नसते.

त्याचा नंबर बंद आहे, पण तीच जाहिरात काल पुन्हा दिसली, वेगळं नाव, फोटो तेच, माझ्याच बिल्डिंगचं पार्किंग मागे दिसतंय, किंमत आता ६५०. कोणाला ह्याच पद्धतीने गंडवलं असेल तर गप्प बसू नका, पोलीस सिव्हिल म्हणाले तरी रिपोर्ट टाकून नंबर घ्या आणि मला कळवा, दोन-चार रिपोर्ट एकाच खात्यावर निघाले तर मी ते सगळे घेऊन स्वतः चौकीत जाणार आहे.