आठ महिने बॉम्बर कमांडच्या कागदांत: काय कामाला आलं, काय नाही

माझ्या सासरी, म्हणजे इंग्लंडात, दिवाणखान्यात एक फोटो आहे. सासूबाईंचे मामा, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानदलाच्या गणवेशात, वय एकवीस. मागे पेन्सिलीनं लिहिलंय: बर्लिन, 1943. मामा बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे विमानदलाच्या बॉम्बफेकी शाखेत, तोफची होते आणि बर्लिनवर पडले, असं घरात सगळे सांगायचे. गेल्या सप्टेंबरात सासूबाईंनी ऐंशी पूर्ण केली. तेव्हा मी बोलून बसले, की नक्की काय झालं ते शोधून देते. माझं इतिहासाशी नातं दहावीच्या पेपरापुरतं. तरी आठ महिन्यांत जे जे वापरलं त्याचा हा हिशेब.

सुरुवातच फसली. वंशावळ जुळवून देणाऱ्या एका साइटची मासिक वर्गणी भरली. पंधरा मिनिटांत तिनं मामांचं 1946 मध्ये लग्न लावून दिलं, वर कॅनडात तीन मुलं. सासूबाईंना फोन करायच्या आधी सेवा क्रमांक ताडून पाहिला म्हणून अब्रू वाचली. नाव तेच, माणूस दुसरा. ती वर्गणी बंद करायला पुढे तीन महिने लागले. तेव्हा पहिली गोष्ट: नावानं शोधू नका, सेवा क्रमांकानं शोधा. तुकडीचा कारकून आडनावं ऐकू येतील तशी टंकायचा.

खरा उजेड पडला तो इंग्लंडातल्या लिंकन शहरातल्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरच्या लॉसेस डेटाबेसमध्ये. फुकट आहे. बॉम्बर कमांडच्या सेवेत असताना मरण पावलेल्या सुमारे 58 हजार जणांची नोंद तिथे सापडते. मामांच्या पानावर तुकडी, विमान, त्या रात्रीचं काम, आणि सोबतच्या सहाही जणांच्या नोंदींचे दुवे. विमान स्टर्लिंग जातीचं. रात्र 28-29 एप्रिल 1943. काम: समुद्रात सुरुंग पेरणे. बर्लिनचा पत्ताच नाही. आणि मामा तोफची नव्हते, वायरलेस ऑपरेटर होते.

मग फोटो भिंतीवरून काढून खिडकीशी नेला. छातीवर एकाच पंखाचा बिल्ला, त्यात ‘एजी’, म्हणजे एअर गनर. घरच्यांची चूक तिथेच झाली. त्या काळी वायरलेसवाल्यांनाही तोच बिल्ला मिळायचा. त्यांचा ‘एस’ अक्षराचा वेगळा बिल्ला नंतर आला. ओळखायची खूण उजव्या बाहीवर असते: मुठीत धरलेल्या विजा. फोटोत ती बाही अर्धी सावलीत आहे, पण भिंगातून मूठ दिसते. ऐंशी वर्षं तो फोटो रोज पुसला जात होता.

पुढचा टप्पा लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या तुकड्यांच्या रोजनिशा. त्यांच्या मालिकेचं नाव एअर 27. त्यात दोन प्रकारचे कागद असतात. फॉर्म 540 म्हणजे दिवसाचा गोषवारा: हवामान, कोण रजेवर, कोण पाहुणा आला. घाईत असाल तर सोडा. फॉर्म 541 मात्र ओळ न् ओळ वाचा. विमानाचा क्रमांक, सातही जणांची नावं, काम, उड्डाणाची वेळ, उतरल्याची वेळ, तपशील. मामांच्या विमानापुढे उड्डाणाची वेळ आहे, उतरल्याची जागा कोरी. तपशिलात एवढंच, की उड्डाणानंतर काहीही ऐकू आलं नाही. वायरलेसवर बसलेल्या माणसाबद्दलच ते वाक्य आहे, हे मला दुसऱ्या दिवशी ओट्याशी उभी असताना लक्षात आलं.

कामाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘गार्डनिंग’. मी आधी हसले. सुरुंग पेरण्याचं ते सांकेतिक नाव. सुरुंगांना म्हणायचे भाज्या, आणि समुद्राच्या बहुतेक पट्ट्यांना फुलाफळा-भाज्यांची नावं: ‘नेक्टरिन्स’ म्हणजे फ्रिजियन बेटं, ‘फर्गेट-मी-नॉट्स’ म्हणजे कीलचं बंदर. नव्या क्रूला हात बसावा म्हणून पुष्कळदा आधी हेच काम देत, त्यामुळे ते सोपं असा समज. त्या रात्री 207 विमानं गेली, 593 सुरुंग टाकले आणि 22 विमानं परतली नाहीत. सुरुंग पेरण्याच्या कामात एका रात्रीत एवढी विमानं कधीच गमावली नव्हती, पुढेही गमावली नाहीत. ढग खाली आलेले, जागा ओळखायला विमानं त्यांच्याही खाली उतरली, आणि किनाऱ्यावरच्या व जहाजांवरच्या तोफांच्या टप्प्यात सापडली.

सासूबाईंना सांगितलं तर त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “म्हणजे आजीला कुणी सांगितलंच नाही?” बर्लिन कुठून आलं ते मला आजतागायत सापडलेलं नाही.

नवख्यांसाठी एक सूचना: छापा रात्रीचा, म्हणून तारखा दोन. एका कागदावर 28, दुसऱ्यावर 29 दिसली तर घाबरू नका. आणि कबर न सापडलेल्यांची नावं इंग्लंडातल्या सरी परगण्यात रनीमीडच्या स्मारकावर आहेत, वीस हजारांहून जास्त. मामांचं तिथेच आहे. पॅनेलचा क्रमांक घेऊन जा, नाहीतर मान दुखेल.

आता जे मी पहिल्या महिन्यात करायला हवं होतं आणि सातव्यात केलं ते. सहकाऱ्यांकडे बघा. क्रूमध्ये बहुधा वेगवेगळ्या देशांचे लोक असत. मामांच्या विमानात मागचा तोफची ऑस्ट्रेलियन होता, आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ए 705 या मालिकेत हवाई दलाच्या हताहतांच्या फायली आहेत. स्कॅन झालेली फाइल घरबसल्या, फुकट वाचता येते. त्याच्या फायलीत शंभरेक पानं. आईची पत्रं, उत्तरं, पुन्हा पत्रं. तिसऱ्या पत्रात ती विचारते, बाकीच्या मुलांच्या घरचे पत्ते मिळतील का. आणि खाली टंकलेली यादी: सात नावं, सात नातेवाईक, सात पत्ते. आपल्या घरचा कागद जगाच्या दुसऱ्या टोकाला, परक्याच्या फायलीत.

ते पान छापून सासूबाईंना दिलं. चष्मा लावून त्यांनी बोट फिरवलं, आजीच्या नावाशी थांबल्या, पत्ता मोठ्यानं वाचला.

“चौदा नाही गं, एकेचाळीस. टंकणाऱ्यानं उलटं केलंय.”

मग उठून पेन्सिल घेऊन आल्या.