डीईएफ: वीस लिटरची बादली बरी की मोठा ड्रम?

कळंबोलीहून जानेवारीत काश्मीरला गाडी सोडायची असेल, तर माझं मत सरळ बादलीला. डीईएफ म्हणजे डिझेल गाडीचा धूर कमी घातक व्हावा म्हणून वेगळ्या टाकीत भरायचं द्रव. ड्रायव्हर ज्याला नुसतं ‘युरिया’ म्हणतात, त्या डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. उणे ११ अंशांना ते गोठतं आणि साधारण ७ टक्के फुगतं. म्हणून काठोकाठ भरलेली बादली किंवा टाकी थंडीत फुटू शकते. थोडी जागा मोकळी सोडाच. गोठलेली बादली केबिनच्या उबेत हळूहळू वितळते आणि माल जसाच्या तसा वापरता येतो. लवकर वितळावं म्हणून त्यात गरम पाणी किंवा अँटिफ्रीझ कृपा करून ओतू नका, धूर स्वच्छ करणारी एससीआर यंत्रणा खराब होते. गाडीच्या टाकीला स्वतःचा हीटर असतो, इंजिन सुरू झालं की तो काम करतो.

ड्रम लिटरमागे स्वस्त पडतो, पण गोठला की वितळायला फार वेळ घेतो. तो इथे यार्डातच शोभतो, तोही सावलीत: सतत ३५ अंशांत डीईएफ जेमतेम सहा महिने टिकतं.

दोन्हींसाठी फनेल प्लास्टिकचंच, पितळेचं नको.