सी ड्राइव्ह परत कसा येतो: बॅकअपच्या पद्धती अकरा महिने वापरल्यावर

२०२४ च्या पितृपंधरवड्यातली गोष्ट. घरी बसून मराठी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची पानं लावण्याचं माझं काम आहे, आणि ते दिवस म्हणजे वर्षातला सगळ्यात गर्दीचा काळ. एका सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ, बूट करायला डिस्क सापडत नाही. आदल्या रात्री अकरापर्यंत मी त्याच्यावर काम केलं होतं. जुनी हार्ड डिस्क जायच्या आधी कुरकुरते, मंदावते, काहीतरी सुचवते. माझ्या एसएसडीने, म्हणजे फिरते भाग नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कने, काहीही सुचवलं नाही. दुकानदाराने दुसऱ्या मशीनला लावून बघितली आणि म्हणाला, "ताई, ही बायोसमध्येच दिसत नाही." बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर.

कामाच्या फायली एकही गेल्या नाहीत. त्या डी ड्राइव्हवर, म्हणजे वेगळ्या हार्ड डिस्कवर होत्या आणि रोज गूगल ड्राइव्हवर जात होत्या. तरी मला पुन्हा कामाला लागायला साडेचार दिवस लागले. विंडोज टाकायला तासभर पुरला. बाकीचा सगळा वेळ फॉन्ट, तीन वेगवेगळे कीबोर्ड लेआउट, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर, प्रिंटरच्या रंगांची जुळणी आणि पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर ७ यांच्यात गेला. हो, पेजमेकर. २००१ सालची आवृत्ती, पण दोन प्रकाशक अजून त्याच फायली पाठवतात. सीडी कपाटात होती, कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह नव्हता.

आणि एक गोष्ट परत आलीच नाही. प्रूफ तपासताना एडिटरमध्ये मी शब्द जमवत गेले होते. गावांची नावं, आडनावं, बोलीतले शब्द, ऱ्हस्व-दीर्घाचे वादाचे शब्द, असे नऊ वर्षांचे. ती यादी सी ड्राइव्हवरच्या ॲपडेटा नावाच्या फोल्डरमध्ये होती. हे फोल्डर एरवी दिसतसुद्धा नाही, त्यामुळे त्याची प्रत काढायचं कधी मनातही आलं नव्हतं.

त्यानंतर ठरवलं की सिस्टीम ड्राइव्हचा, म्हणजे विंडोज असलेल्या सी ड्राइव्हचा, बॅकअप नीट शिकायचा. ऑक्टोबरपासून आजवर जे वापरलं, ते इथे लिहिते आहे. आधी तीन गोष्टी वेगळ्या करते, कारण दुकानातसुद्धा त्यांची गल्लत होते. सिस्टीम रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजने स्वतःच्या आधीच्या स्थितीची ठेवलेली नोंद, त्याच डिस्कवर राहतो, डिस्क गेली की तोही गेला. क्लोन म्हणजे एका डिस्कची जशीच्या तशी दुसरी डिस्क. इमेज म्हणजे संपूर्ण डिस्कचा मजकूर दाबून एका किंवा अनेक फायलींत भरलेला, आणि अशा वेगवेगळ्या तारखांच्या इमेज एकाच बाहेरच्या डिस्कवर ठेवता येतात. नुसतं सी ड्राइव्ह कॉपी-पेस्ट करून काही होत नाही. चालू विंडोजच्या काही फायली कॉपीच होत नाहीत. शिवाय आजच्या मशीनमध्ये सी च्या आधी एक छोटं ईएफआय पार्टिशन असतं, साधारण शंभर एमबीचं, एक्स्प्लोररमध्ये न दिसणारं. मशीन सुरू होतं ते त्याच्यावरून.

सुरुवात क्लोनने केली. कॅबिनेटमध्ये दुसरी एसएसडी लावून दर रविवारी क्लोन. हे दीड महिना चाललं. पहिली डिस्क गेली की केबल बदलायची आणि काम सुरू, ही सोय खरोखर मोठी आहे. पण शनिवारी काही बिघडलं आणि ते माझ्या लक्षात न येता रविवारी क्लोन झाला, तर चांगली प्रत पुसून त्या जागी बिघडलेली बसते. मागे जायला दुसरी तारीखच नसते. शिवाय दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच वीजपुरवठ्यावर. आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज कशी ये-जा करते हे बघितलेलं असल्यामुळे मला ते पटेना. आणखी एक सांगते, क्लोन केल्यावर दोन्ही डिस्कच्या डेटा केबल जोडून मशीन सुरू करू नका. दोन्हींची ओळख सारखीच असल्यामुळे विंडोज त्यातली एक ऑफलाइन करून ठेवतं आणि आपण उगाच घाबरतो.

विंडोजमध्ये असलेली सिस्टीम इमेज, कंट्रोल पॅनलमध्ये जिच्यापुढे अजून विंडोज ७ लिहिलेलं असतं, तीही एकदा काढून बघितली. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच ती पुढे न वाढवण्याच्या यादीत टाकली आणि लोकांना दुसरी सॉफ्टवेअर वापरायला सांगितलं. जे बांधणाऱ्यानेच सोडून दिलं, त्याच्यावर माझं घर चालवायचं नाही, एवढं ठरवून मी पुढे गेले. पूर्वी खूप जण मॅक्रियम रिफ्लेक्ट या बॅकअप सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती वापरायचे. तिला सुरक्षेच्या सुधारणा मिळणं १ जानेवारी २०२४ पासून बंद झालं, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

उरली दोन सॉफ्टवेअर, आणि आज मी दोन्ही वापरते.

क्लोनझिला मोफत आणि मुक्त आहे, तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेलं. ते पेन ड्राइव्हवर टाकायचं, मशीन त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं, म्हणजे विंडोज त्या वेळी झोपलेलं असतं. माउस नाही, निळ्या-करड्या पडद्यावर बाणांच्या बटणांनी एकेक प्रश्नाचं उत्तर द्यायचं. पहिल्यांदा माझे हात खरंच थरथरत होते, कारण कुठली डिस्क वाचायची आणि कुठलीवर लिहायचं हे तिथे एसडीए, एसडीबी अशा नावांनी विचारतात. मी कागदावर दोन्ही डिस्कचे मॉडेल नंबर आणि आकार लिहून कीबोर्डशेजारी ठेवला. अजूनही ठेवते. पाऊल मागे घेता येणार नाही अशा ठिकाणी ते दोनदा विचारतं, त्या दोन्ही वेळा कागदाकडे बघायचं. हे अगदीच अवघड वाटलं तर रेस्क्यूझिला बघा. तेच काम माउसने होतं आणि क्लोनझिलाच्या इमेजही त्यात चालतात.

क्लोनझिला फक्त भरलेले भाग उचलतं, रिकामी जागा नाही. माझ्या सी वर ११८ जीबी भरलेले आहेत, इमेज झाली ७१ जीबीची, वेळ लागला २५ मिनिटं. हे मागच्या निळ्या यूएसबी पोर्टवर. पहिल्या वेळी मी पुढच्या काळ्या पोर्टला डिस्क लावली होती, तेव्हा सव्वा तास गेला होता. काळं पोर्ट सहसा जुन्या वेगाचं असतं, हे मला त्या सव्वा तासात कळलं.

त्याच्याकडून दोन धडे मिळाले. एक, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करून, नीट शटडाउन करूनच इमेज काढावी. फास्ट स्टार्टअपमध्ये मशीन पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि सी ड्राइव्ह तसाच उघडा राहतो. दुसरं, ज्यांच्याकडे विंडोज ११ आहे त्यांनी बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते आधी बघावं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने विंडोज टाकलं, तर कित्येक मशीनवर ते आपोआप चालू होतं. कुलूपबंद ड्राइव्हमधलं भरलेलं कुठलं आणि रिकामं कुठलं हे क्लोनझिलाला कळत नाही, मग ते तो ड्राइव्ह रिकाम्या जागेसकट सगळाच्या सगळा उचलतं. आणि हे कुलूप उघडणारी ४८ आकड्यांची रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा. ती फक्त बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये असली तर तिचा उपयोग काय?

रोजच्यासाठी मी वीम एजंटची मोफत आवृत्ती घेतली. हे विंडोज चालू असतानाच काम करतं. विंडोजमध्ये शॅडो कॉपी नावाची सोय आहे. ती त्या क्षणाचं चित्र स्थिर धरून ठेवते, मी टाइप करत राहिले तरी प्रत त्या क्षणाचीच निघते. पहिली पूर्ण प्रत ३५ मिनिटांत झाली. नंतर रोज फक्त बदललेलं जातं, तीन ते पाच मिनिटं. मला सगळ्यात आवडलेली सोय वेळापत्रकात आहे. बाहेरची डिस्क जोडली की बॅकअप आपोआप सुरू व्हावा आणि संपला की डिस्क आपोआप इजेक्ट व्हावी, असं सांगता येतं. संध्याकाळी दिवा लावायच्या सुमाराला मी डिस्क जोडते, चहा होईपर्यंत काम झालेलं असतं, मग केबल काढून डिस्क कपाटात. कायम जोडलेल्या डिस्कवर खंडणीवाला व्हायरस पोचला तर तो बॅकअपसुद्धा कुलूपबंद करतो, म्हणून ही सवय मी एकही दिवस मोडू देत नाही.

उणीवही सांगते. मोफत आवृत्तीत एकच जॉब बनवता येतो, म्हणजे एक वेळापत्रक आणि एक ठिकाण. मला तर दुसरी प्रत घराबाहेर हवी होती. मी सांगलीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांच्या कॉम्प्युटरबरोबर कपाटातल्या डिस्कही गेल्या. त्यामुळे दुसऱ्या डिस्कवर दर तीन महिन्यांनी क्लोनझिलाची इमेज काढते आणि ती डिस्क मिरजेला आक्काकडे राहते. तिचं घर उंचावर आहे. दोन वेगळ्या सॉफ्टवेअरच्या प्रती असल्याचा एक फायदा आपसूक मिळाला, एकात काही खोट निघाली तर दुसरी तिच्यावर अवलंबून नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते. प्रत काढणं सगळ्याच पद्धतींत सोपं निघालं. फरक पडतो तो परत आणताना. डिसेंबरात मी मुद्दाम रंगीत तालीम केली. चालू एसएसडी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि २४० जीबीच्या एका जास्तीच्या एसएसडीवर क्लोनझिलाची इमेज उतरवायला घेतली. झालं नाही. माझी मूळ डिस्क २५६ जीबीची, आणि क्लोनझिलाला नेहमीच्या पद्धतीत डिस्क तेवढीच किंवा मोठी लागते. भरलेलं ११८ च आहे हे तिथे कामाला येत नाही. हे मला खऱ्या संकटात, रात्री दहाला, दुकानं बंद असताना कळलं असतं तर? दुसऱ्या दिवशी ४८० ची एसएसडी आणली आणि दोन्ही प्रती पाठोपाठ उतरवून बघितल्या. दोन्ही चालल्या. विंडोजचं ॲक्टिव्हेशन टिकलं, पेजमेकर उघडलं, कीबोर्ड लेआउट जागच्या जागी होते. ती ४८० ची एसएसडी आता खोक्यात ठेवली आहे, तीच माझी राखीव.

वीमची प्रत परत उतरवायला मशीन ज्याच्यावरून सुरू करायचं, तो रिकव्हरी पेन ड्राइव्हही याच तालमीत पारखला. तो आपल्याच मशीनवर बनवायचा असतो, म्हणजे त्या मशीनचे ड्रायव्हर त्यात जातात. मशीनमध्ये मोठा बदल केला की तो पुन्हा बनवावा.

खरी परीक्षा फेब्रुवारीत झाली. नवा प्रिंटर आणला, त्याचा ड्रायव्हर टाकला आणि मशीन निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा सुरू व्हायला लागलं. गुरुवारची संध्याकाळ, शुक्रवारी एका कवितासंग्रहाची पानं छापखान्यात द्यायची होती. वीमचा पेन ड्राइव्ह लावला, बुधवारची प्रत निवडली. तिथे तीन पर्याय येतात, संपूर्ण कॉम्प्युटर, फक्त सिस्टीम व्हॉल्यूम्स (म्हणजे विंडोजचे भाग), किंवा आपल्या हाताने. मी मधला निवडला. माझ्या जॉबमध्ये डी ड्राइव्हही आहे, आणि पहिला पर्याय घेतला असता तर गुरुवारी दिवसभर लावलेली पानं बुधवारच्या स्थितीला गेली असती. ३८ मिनिटांत मशीन उभं राहिलं. रात्री साडेनऊला पानांची पीडीएफ पाठवली.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होता, त्यामुळे मी ११ वर जाणार आहे. ११ टाकायच्या आदल्या दिवशी क्लोनझिलाची इमेज काढून ती डिस्क मिरजेला जाईल, आणि पेजमेकर नव्या विंडोजमध्ये नीट चालतं हे दोन महिने बघितल्याशिवाय ती इमेज पुसायची नाही. शब्दांची यादी मी पुन्हा शून्यापासून सुरू केली आहे. काल ९४० झाले. फेब्रुवारीत मशीन परत उभं राहिल्यावर मी छापखान्याच्या फायलींच्याही आधी ती यादी उघडून बघितली होती, आणि तिच्यात बुधवारी संध्याकाळी घातलेला शेवटचा शब्दसुद्धा होता.