डबल इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी मुलगी ३३ व्या आठवड्यात जन्मली. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ घालण्याची क्षमता बाळात साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास येते, त्यामुळे सुरुवातीला तिला नळीने आणि पुढे वाटी-चमच्याने दूध द्यावे लागले. दूध माझेच मिळावे, या एका हेतूने आम्ही दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दूध काढणारा विजेवरचा पंप घेतला. सात महिन्यांनंतर यंत्राबद्दल माझे मत चांगले आहे. मात्र ते माझ्या उपयोगी पडले ते प्रसूती कक्षातील आणि नंतर घरी येणाऱ्या परिचारिकांमुळे, आणि म्हणून हा अनुभव त्यांना वगळून लिहिता येत नाही.

पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने पंप बाहेर काढला, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “तो आज पिशवीतच राहू द्या. चीक हातानेच काढू.” चीक घट्ट आणि थेंबाथेंबाने येतो, पंपात तो भांड्याच्या कडांना चिकटून वाया जातो. त्यांनी माझा अंगठा आणि तर्जनी स्तनाग्रापासून थोड्या अंतरावर ठेवली, आधी मागे छातीकडे दाबायला लावले आणि मग दोन्ही बोटे जवळ आणायला सांगितली. बोटे कातडीवरून घसरू द्यायची नाहीत, हे त्या पुन्हा पुन्हा बजावत होत्या. पंधरा मिनिटांत एक मिलिलिटरही भरला नाही. तो पिवळसर थेंब त्यांनी छोट्या सिरिंजने जागेवरच टिपून घेतला, वर वेळ लिहिली आणि बाळाकडे नेला. “एवढेच?” असे मी विचारले तेव्हा त्यांनी समजावले की, पहिल्या दिवशी बाळाला लागतेही थोडेच आणि या थेंबांतून त्याला जंतुसंसर्गाशी लढणारे घटक मिळतात. त्या रात्री मला झोप लागली ती या एका वाक्यामुळे.

चौथ्या दिवशी दूध उतरले आणि पंप सुरू झाला. दोन दिवसांत स्तनाग्रे सोलवटली, रक्त आले. दुखणे हा या कामाचा भागच असावा असे समजून मी खेच सर्वांत वरच्या पातळीवर ठेवून दात-ओठ खात बसत असे. सहाव्या दिवशी एका सिस्टरांनी शेजारी बसून पूर्ण वेळ पाहिले आणि मध्येच यंत्र बंद करायला लावले. खोक्यात आलेले, स्तनावर बसवायचे फनेल २४ मिलिमीटरचे होते. त्यांनी कागदी मोजपट्टीने स्तनाग्राची रुंदी मोजली: उजवीकडे १५, डावीकडे १७ मिलिमीटर. फनेल मोठे असल्याने भोवतालचा काळसर भागही आत ओढला जात होता आणि सूज येत होती. फनेलच्या आत बसणारे लहान मापाचे इन्सर्ट लावल्यावर आणि खेच सहन होईल तेवढीच ठेवल्यावर दुखणे तीन दिवसांत थांबले आणि तेवढ्याच वेळात आधीच्या जवळजवळ दुप्पट दूध येऊ लागले. यंत्राच्या माहितीपत्रकात मापाचा उल्लेख आहे, पण तो अगदी शेवटच्या पानावर. माझ्या मते खोक्यासोबत मोजपट्टी आणि किमान तीन मापे दिलीच पाहिजेत. यासाठी मी कंपनीचे गुण निःसंकोच कापते.

बाळ थेट अंगावर पीत नसेल तर २४ तासांत किमान आठ वेळा दूध काढावे लागते. त्यांतली एक वेळ मध्यरात्रीनंतरची असावी, कारण दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण रात्री जास्त असते. हे वेळापत्रक माणसाला पिळून काढते. पान्हा मात्र वेळापत्रकाने फुटत नाही. तो ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकावर अवलंबून असतो आणि काळजीने, वेदनेने अडतो. यावर नवजात अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांनी दाखवलेला उपाय कोणत्याही बटणात नव्हता. त्या बाळाला फक्त डायपर आणि टोपी घालून माझ्या उघड्या छातीवर ठेवत, वर पांघरूण गुंडाळत आणि त्यानंतर लगेच पंप जोडून देत. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झालेली ही कांगारू पद्धत आहे. मुदतीपूर्व किंवा कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर शक्य तितक्या लवकर आणि दिवसाचे ८ ते २४ तास असे जवळ घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले आहे. मुलगी छातीवरून उतरल्यावर काढलेले दूध आणि रिकाम्या खोलीत भिंतीकडे पाहत काढलेले दूध यांतला फरक बाटलीवरच्या रेषांत मला रोज दिसत असे.

दुसऱ्या महिन्यात चूक माझी झाली. मुलगी अंगावर पिऊ लागली होती, तरी साठा करण्याच्या हव्यासाने मी प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर पंप लावत राहिले. दूध गरजेपेक्षा वाढले, डाव्या बाजूला लाल, टणक गाठ आली आणि ताप चढला. घरी येणाऱ्या सिस्टरांनी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवले. जादा पंपिंग थांबवा, बाळाला हवे तेव्हा पाजत राहा, थंड पट्टी ठेवा आणि जोराने चोळू मुळीच नका, असे त्यांनी बजावले. मी नेमकी चोळतच होते.

चौथ्या महिन्यात दूध अचानक निम्म्यावर आले. चार दिवस मी दूध आटले असे धरून रडत होते. सिस्टरांनी मला तपासण्याआधी पंप तपासला, झडपेचे मऊ रबर उजेडात धरून हलकेच ताणले आणि केसाएवढी चीर दाखवली. झडप बदलली आणि त्याच संध्याकाळी खेच पूर्ववत झाली. हा सुटा भाग झिजणारा आहे. एक जोड घरात असलाच पाहिजे.

बाकी यंत्र नेटके आहे. आवाज कमी, बॅटरी चार-पाच वेळा पुरते. धुण्याचे सुटे भाग मात्र दहा आहेत आणि वेगळ्या पातेल्यात, साबणाच्या गरम पाण्याने धुऊन ते पूर्ण वाळवावे लागतात. काढलेले दूध मी बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस आणि फ्रीझरमध्ये सहा महिने एवढ्याच मर्यादेत ठेवते. अतिदक्षता विभागातल्या बाळासाठी तिथल्या परिचारिका सांगतील तीच मुदत पाळावी.

पूर्ण दिवसांचे, नीट पकड घेऊन पिणारे बाळ असेल आणि आई त्याच्याजवळच राहणार असेल, तर मी हा पंप लगेच घ्यायला सांगणार नाही. बाळ अतिदक्षता विभागात असेल किंवा आईला कामावर परतायचे असेल, तर जरूर घ्यावा. माझ्या जाऊबाईंना पुढच्या महिन्यात दिवस भरतील. त्यांनी हाच पंप मागितला होता, पण तो एकाच व्यक्तीने वापरायचा आहे, म्हणून दिला नाही. मोजपट्टी दिली आणि आमच्या सिस्टरांचा नंबर दिला.