रविनगरचं थिसिस बाइंडिंगवालं बोर्ड नसलेलं दुकान: साडेतीन स्टार

पहिले सांगून देतो, या दुकानाला बोर्ड नाहीये. होता म्हणे, मागे एकदा वादळात उडाला आणि काकांनी परत लावलाच नाही, त्यामुळे मॅपवर शोधत बसू नका. नागपुरात लॉ कॉलेज चौकातून अमरावती रोडनं रविनगरकडे निघालं की एका गल्लीत चहाची टपरी लागते, तिच्या बाजूला अर्धं शटर कायम खाली असलेलं दुकान, तेच. वाकून आत जावं लागते. नाहीच सापडलं तर टपरीवर "काळ्या बाइंडिंगवाले काका" विचारा, चहावाला न बघता बोट दाखवतो.

मी मार्चमध्ये थिसिस सबमिट केला. विषय राखेचा. कोराडी आणि खापरखेड्याच्या थर्मल वीजकेंद्रांमधून जी फ्लाय ॲश निघते तिच्यापासून सिमेंट न टाकता काँक्रीट बनवायचं, जिओपॉलिमर म्हणतात त्याला. राखेत सिलिका आणि ॲल्युमिना असतं, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम सिलिकेटचं द्रावण मिसळलं आणि ६०-७० डिग्रीला ओव्हनमध्ये ठेवलं की गोळा दगडासारखा होतो. होतो म्हणजे कधी होतो, कधी सकाळी येऊन पाहिलं तर भेगा. पाच वर्षं यातच गेली. असो, राखेचं पुराण इथं लावत नाही, पण ही पाच वर्षं ज्या वस्तूत बंद होणार ती वस्तू कशी बनते हे पाहायला मी त्या दुकानात सलग चार दिवस उभा होतो, म्हणून हा रिव्ह्यू जरा लांब होणार आहे.

आधी कामाचं. आजकाल बहुतेक दुकानं थिसिसला गरम गोंदाची बाइंडिंग करून देतात, मशिनमध्ये पानं टाकली की दोन मिनिटात पुस्तक तयार, दिसायला एकदम चकाचक. काका ते करतच नाहीत. मी म्हटलं काका लवकर होते ना ते, तर म्हणाले, "बाबू, मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवून पाय, पानं हातात येतील." आता मी मटेरियलवाला माणूस, मला हे आधी सुचायला पाहिजे होतं! तो गोंद साधारण ईव्हीए नावाचा प्लास्टिकच असतो, उष्णतेनं मऊ होतो म्हणूनच तर तो मशिनमध्ये वितळतो, आणि नागपुरात बाहेर ४५ असताना उन्हात उभ्या बंद गाडीत किती तापते ते हात लावून पाहिलेलं आहे आपण सगळ्यांनीच. काका आधी सोळा-सोळा पानांचे गठ्ठे करतात, सुई-दोऱ्यानं शिवतात, मग कण्यावर मलमलचा तुकडा चिकटवतात, मग पुठ्ठा, मग रेक्झिन. पुठ्ठ्याला खळ मैद्याची, घरी शिजवलेली, आणि त्यात चिमूटभर मोरचूद. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्यानं खळीला कीड आणि बुरशी लागत नाही. लॅबमध्ये तीच निळी बाटली आमच्या कपाटात पाच वर्षं पडून आहे, खळीत टाकायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

एक गोष्ट तर मी घरी येऊन करून पाहिली. काका नवीन रीम फोडली की आधी एक कागद उभा फाडतात आणि एक आडवा. एका बाजूनं सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूनं वाकडातिकडा. कागदातले धागे ज्या दिशेनं असतात त्या दिशेनं तो सरळ फाटतो, आणि ती दिशा कण्याला समांतरच पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात दमट हवेनं कागद कण्याच्या लांबीत फुगतो आणि अख्खं पुस्तक लाटेसारखं होऊन जातं. माझ्या सिनिअरचा थिसिस डिपार्टमेंटच्या लायब्ररीत तसाच झालेला आहे, आम्ही इतके दिवस समजत होतो की त्यावर पाणी सांडलं.

सोन्याची अक्षरं सोन्याची नसतात हे तर माहीतच असेल. पॉलिस्टरच्या पातळ पट्टीवर ॲल्युमिनियमचा एकदम बारीक थर असतो, त्याच्यावर पिवळं लॅकर, गरम ठशानं दाबलं की रेक्झिनवर उठतं. मी काकांना म्हटलं आपल्याकडे वाडीला ॲल्युमिनियमचं अख्खं रिसर्च सेंटर आहे, तुम्ही इथं रोज त्याच धातूवर लोकांचे गाइड सोनेरी करून राहिले. हसले नाहीत. ठसे लावताना ते कोणाशीच बोलत नाहीत, अक्षरं उलटी लावावी लागतात ना.

आता खरी मजा, जिच्यासाठी मी साडेतीन देतोय, नाहीतर तीनच दिले असते. काका पानं बघतात. वाचत नाहीत, बघतात. बारावीच्या पुढे शिकले नाहीत असं ते स्वतःच सांगतात, पण तीस वर्षं फक्त थिसिसच हातातून गेलेत. माझं एसईएमचं, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोचं पान प्रिंटमधून निघालं तर चिमटीत धरून म्हणतात, "हे खालची पांढरी दांडी कापल्या गेली बापा. मागच्या पोट्ट्याचा एक्स्टर्नल यावरूनच भडकला होता." ती पांढरी दांडी म्हणजे स्केल बार. मी फोटो कॉलममध्ये बसवायला क्रॉप केला होता आणि खाली लिहून दिलं होतं पाच हजार पट मोठं केलेलं. आता फोटो छोटा-मोठा केला की पाच हजार पट या शब्दाला काही अर्थच उरत नाही, दांडी असली तर ती फोटोसोबतच छोटी-मोठी होते, म्हणून ती पाहिजेच. गाइडनी तीन ड्राफ्ट वाचले, मी तर किती वेळा वाचला असेल, आणि पकडलं कोणी, तर बाइंडिंगवाल्यानं. सात पानं परत काढली. कलर पानाचे दहा रुपये, सात पानं, चार कॉपी, तुम्हीच करा हिशोब.

दुसऱ्या दिवशी माझ्या पुढे एक ताई होती, सिकलसेलवर काम केलेली. बेंचवर बसून मला समजावत होती, की हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एकच अमिनो आम्ल बदलतं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन, आणि तेवढ्यानं लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. आई-बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघायची शक्यता २५ टक्के, प्रत्येक वेळी नव्यानं २५, हे गावात समजावणं सगळ्यात कठीण गेलं म्हणे, कारण लोक म्हणतात पहिल्याला झाला ना, आता पुढचे तीन सुटले. विदर्भात हे घरोघरी माहीत असलेलं दुखणं आहे, सरकारनं २०२३ च्या जुलैत राष्ट्रीय मिशन काढलं, २०४७ पर्यंत संपवायचं आणि सात कोटी लोक तपासायचे असं लक्ष्य ठेवलं, पण तिचा थिसिस तपासणीनंतर काय होतं यावर होता. तपासणीच्या निकालाचं कार्ड मिळाल्यावर पोरींची लग्नं कशी अडतात वगैरे. तर काका तिची परिशिष्टं गठ्ठ्यात लावता लावता थांबले. "बेटा, या तक्त्यात लोकायची नावं हायत. गावासकट." ती पांढरीफटक. मुलाखतींची मूळ शीट चुकून पीडीएफमध्ये जोडल्या गेली होती, नावांच्या जागी कोड टाकलेली शीट वेगळीच राहिली. एथिक्स कमिटीला नावं गुप्त ठेवू म्हणून लिहून दिलेलं असते, आणि हे बाइंड होऊन लायब्ररीत गेलं असतं, वर शोधगंगावर, म्हणजे थिसिसच्या ऑनलाइन साठ्यावर टाकलं असतं तर अख्ख्या जगाला दिसलं असतं कोणाच्या घरात सिकल आहे ते. तिनं तिथंच लॅपटॉप उघडून बदललं. काकांनी ती छापलेली पानं तिच्या हातात दिली आणि म्हणाले, घरी नेऊन जाळ, माझ्या रद्दीत नको.

आणखी एक भाऊ राज्यशास्त्रवाला, गडचिरोलीवर. मराठीत थिसिस, साडेचारशे पानं. त्याची वेगळीच कथा. अख्खा मजकूर कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला, जुन्या सवयीनं. कृतीदेव दिसते मराठी पण आत कॉम्प्युटरला ती इंग्रजी अक्षरंच वाटतात, त्यामुळे चोरी तपासायच्या सॉफ्टवेअरला त्यात काहीच ओळखू येईना, रिपोर्ट आला शून्य टक्के. भाऊ खूश. लायब्ररीवाले काही खूश नव्हते, युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटरला मराठी म्हणूनच कळणारी अक्षरं, करून आणा म्हणाले. युजीसीच्या २०१८ च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते, त्याच्या वर चाळीसपर्यंत गेलं की सुधारून परत द्या, चाळीस ते साठ असलं तर वर्षभर परत देताच येत नाही, साठच्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच जाते, म्हणून तो घाबरलेला. कन्व्हर्ट केल्यावर रफारांचा आणि जोडाक्षरांचा असा चिवडा झाला की तीन रात्री तो आणि त्याची बायको पान-पान दुरुस्त करत होते. पण त्याचं प्रकरण चौथं मी बेंचवर बसल्या बसल्या वाचून काढलं, खरंच चांगलं आहे. एकाच २००९ सालात लाहेरीजवळ नक्षल्यांच्या हल्ल्यात १७ पोलीस मारले गेले आणि त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. सुरक्षा म्हणजे फक्त १९९० ला नक्षल्यांविरुद्ध काढलेलं पोलिसांचं सी-६० पथक आणि ठाणी नाही, जंगलातला बांबू कोणाचा याचा निकालही सुरक्षाच आहे, असा त्याचा मुद्दा. मला सगळा नाही पटला, बंदुकीसमोर ग्रामसभा काय करणार, यावर आमची टपरीवर चांगली अर्धा तास जुंपली, चहाचे पैसे त्यानं दिले. त्याचा मोठा नकाशा काकांनी एका कडेला पट्टी देऊन असा घडी घालून बसवला की बाहेर उलगडतो आणि कटिंग मशिनमध्ये घडी कापल्या जात नाही. हे काम दुसरीकडे कोणी करून देत असेल असं वाटत नाही.

संत्र्यांची प्रतवारी कॅमेऱ्यानं करणारे दोन इंजिनीअरिंगचे पोट्टेही होते, कळमन्याच्या मार्केटमधून फोटो काढलेले. त्यांनी नव्वद पानं नुसता कोड छापायला आणला होता. काकांनी विचारलं, "हे कोण वाचन बे?" त्यांनाही माहीत नव्हतं.

आता तक्रारी, कारण फुकटचं कौतुक करायला नाही आलो.

वेळ पाळत नाहीत. मंगळवारी देतो म्हणाले की गुरुवार धरा. लाइट गेली की कटिंग मशिन बंद, इन्व्हर्टरवर फक्त पंखा. माझी सबमिशनची शेवटची तारीख होती आणि मी दुपारी तीनपर्यंत घामानं डबडबून शटरखाली उभा, काका निवांत खळ ढवळून राहिले. घाई असणाऱ्यांनी इथं येऊच नये. चार दिवस हातात ठेवून या, शक्यतो मार्च-एप्रिल टाळून.

दुसरं, माझ्याच थिसिसच्या कण्यावर साल चुकलं. जिओपॉलिमर बरोबर, नाव बरोबर, साल मागचं. जो माणूस लोकांच्या स्केल बार पकडतो त्याच्या हातून! दाखवलं तर कबूल केलं लगेच, वाद नाही घातला, तीन कॉपीचं रेक्झिन फुकट बदलून दिलं. चौथी तोपर्यंत बाबा घरी घेऊन गेले होते आणि आईनं ती शोकेसमध्ये लावून हळदकुंकूही वाहून टाकलं, ती काही परत मिळाली नाही. पाहुण्यांच्या हिशोबानं मी एक वर्ष आधीच डॉक्टर झालो.

रेट सांगतो, मला लागला तो. शंभर जीएसएमच्या जाड बॉन्ड कागदावर काळी प्रिंट तीन रुपये, शिवून काळी बाइंडिंग अक्षरांसकट साडेतीनशे कॉपीमागे. गरम गोंदवाल्यांपेक्षा शंभर-दीडशे जास्त आहे. डाव्या बाजूला दीड इंच मार्जिन सोडूनच पीडीएफ आणा, शिलाईत पाऊण इंच जाते, नाहीतर वाचणाऱ्याला पुस्तक चिरडून उघडावं लागते. यूपीआय चालते पण नेटवर्क आत येत नाही, बाहेर टपरीपाशी जाऊन पाठवावं लागते.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर कोणीतरी "पेपर पब्लिश करून मिळेल, सर्व विषय, तीन दिवसात" असा कागद चिकटवलाय, त्याचा आणि काकांचा काही संबंध नाही, गैरसमज नको. माझा एक मित्र तिथं फसला, पैसे गेले आणि पेपर अशा जर्नलमध्ये आला जिथं त्याच्या आधी गर्भसंस्कार आणि नंतर सीमासुरक्षा होती. जिना चढू नका.

आणि शेवटची तक्रार, जिच्यासाठी अर्धा नाही तर पूर्ण स्टार कापला. ज्या माणसानं सिकलसेलवाल्या ताईची पानं रद्दीत टाकायला नाही म्हटलं, त्याच्याच कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर मागच्या पाच-सहा वर्षांतले सगळ्यांचे थिसिस तसेच पडलेत, त्या चुकीच्या शीटवाली तिची पहिली पीडीएफ पण. पासवर्ड नाही, कोणीही येऊन आपली फाइल शोधतो तेव्हा दुसऱ्याच्या शंभर दिसतात. मी दाखवलं तर काका खरंच चपापले, "हे त डोक्यातच नाई आलं" म्हणाले, आणि तिची फाइल माझ्यासमोर उडवली, रिसायकल बिन पण रिकामा करायला लावला मी. मागच्या आठवड्यात मित्रासोबत परत गेलो तर डेस्कटॉप बऱ्यापैकी साफ होता, संध्याकाळी शटर ओढायच्या आधी डिलीट करतो म्हणाले. पण काउंटरवर लोणच्याची एक मोठी काचेची बरणी आहे, लोक विसरून गेलेले पेन ड्राइव्ह काका त्यात टाकून ठेवतात, तीसेक तरी असतील, ती तशीच आहे. तुम्ही कधी तिथं बाइंडिंग केली असेल तर एकदा जाऊन बघा, निळ्या टोपणाचा एक माझा निघाला.