गाडीच्या एसीचं वायरिंग: घरी बघायचं, वायरमनकडे न्यायचं, एसीवाल्याकडे की शोरूमला?

एसीचं बटण दाबलं की दिवा लागतो, ब्लोअर वाहतो, पण हवा भट्टीतली. एप्रिल-मे महिन्यात परभणी, नांदेड, जालन्याकडे पारा ४२-४३ वर गेलेला असताना ही तक्रार सुरू झाली, की पहिला सल्ला ठरलेला असतो: गॅस भरून घ्या. गॅस कमी झालेला नसताना भरला तर पैसे जातातच, शिवाय दाब वाढून कॉम्प्रेसरवर ताण येतो. मूळ बिघाड, म्हणजे जळालेला फ्यूज, उंदरानं कुरतडलेली वायर नाहीतर कार्बन चढलेला कपलर (वायरी जोडणारा प्लग), जागच्या जागी राहतो.

आमचं मत स्पष्ट आहे. तपासणी प्रत्येकानं घरी करावी. दुरुस्ती मात्र चार-पाच ठरावीक गोष्टींचीच घरी करावी आणि बाकीचं काम योग्य माणसाकडे न्यावं. योग्य माणूस कोण, हे बिघाड कुठं आहे त्यावर ठरतं.

लक्षण काय सांगतं

ब्लोअरच बंद असेल तर त्याचा फ्यूज, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), मोटर किंवा अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) बघायची. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो आणि १, २, ३ वर मुका असतो, तेव्हा बहुतेक वेळा ब्लोअरचा रेझिस्टर (करंट कमी करून वेग कमी ठेवणारा भाग) गेलेला असतो. गाडी पळताना थंड आणि सिग्नलला थांबली की गरम, म्हणजे आधी कंडेन्सरचा (गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा एसीबरोबर सुरू होतो का ते बघा. खड्ड्यात आदळली की एसी बंद आणि पुन्हा आदळली की सुरू, हा सैल पिनचा किंवा आतून तुटलेल्या वायरचा प्रकार.

ब्लोअर ठीक असून थंडच होत नसेल तर बॉनेट उघडून कान द्या. एसी लावल्यावर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी 'टक्' असा आवाज येतो आणि पुलीच्या पुढची चकती पुलीबरोबर फिरू लागते. हाच कॉम्प्रेसरचा क्लच. टक् झालं, चकती फिरली आणि तरी हवा गरम, तर वायरिंगच्या मागे लागू नका. ते गॅसचं, पंख्याचं किंवा कॉम्प्रेसरचं काम आहे. टक् झालंच नाही, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. इंजिनाच्या तापमानाचा काटा लालीकडे असेल तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मुद्दाम एसी तोडतो, म्हणून तो आधी बघून घ्या.

एक अपवाद. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लच नसतो, आतल्या कंट्रोल व्हॉल्व्हवर तो कमीजास्त चालतो. तिथं टक् ऐकू येणारच नाही. त्या व्हॉल्व्हला बॅटरीची वायर थेट लावू नका, तो जळतो.

घरी: काय लागतं, किती जमतं

साधा डिजिटल मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, १० चा पाना, आणि १० अँपिअरचा फ्यूज बसवलेली दीड मीटर वायर. एवढ्यावर अर्ध्या-पाऊण तासात बिघाडाची जागा कळते. सकाळी गाडी गार असताना बसा, गमछा, ओढणी, हातातलं कडं काढून ठेवा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

बॅटरी बंद गाडीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू गाडीवर साधारण १३.८ ते १४.५ दाखवायला हवी. मग फ्यूज. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. जळालेल्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घाला, आणि तोही लगेच उडाला तर पुढं शॉर्ट आहे हे नक्की समजा. १० च्या जागी ३० चा घालणं किंवा तार गुंडाळणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जळू देणं. गाड्यांना आगी अशाच लागतात.

रिले तपासायला सर्वांत सोपा मार्ग अदलाबदलीचा. त्याच बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुतेक वेळा हॉर्नचा, काढून एसीच्या जागी बसवा. एसी चालला तर नवा रिले आणा, काम संपलं.

नाही चालला तर क्लचच्या कपलरशी या. इथं बरेच जण फसतात. कपलर सुटा करून मीटर लावला तर १२ व्होल्ट दिसतात आणि माणूस म्हणतो, करंट तर येतोय. वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. मोजायचं ते कपलर जोडलेला, एसी चालू आणि क्लचवर लोड असताना. मागून बारीक पिन घालून मोजा, आणि मीटरच्या वायरी पट्ट्यापासून लांब धरा.

हिशेब बघा. क्लच कॉइल (क्लचला ओढणाऱ्या चुंबकाची गुंडाळी) साधारण ३ ते ५ ओहमची असते. ४ ओहम धरली तर १२ व्होल्टवर ३ अँपिअर ओढते. वाटेत एका खराब जोडानं फक्त १ ओहम वाढवला तर करंट २.४ वर येतो, कॉइलला ९.६ व्होल्ट मिळतात आणि चुंबकाची ओढ जवळपास दोन तृतीयांशावर उतरते. गार असताना क्लच कसाबसा धरतो, इंजिन तापलं की सोडतो. "सकाळी एसी चांगला, दुपारी बंद" याचं हे एक कारण. दुसरं कारण क्लचची झिजलेली चकती: तिची फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते, ती वाढली की पूर्ण व्होल्टेज मिळूनही क्लच धरत नाही. कपलरवर १३ च्या वर आकडा आहे आणि तरी टक् नाही, तर दोष कॉइलचा किंवा फटीचा. ते काम एसीवाल्याचं.

अर्थिंगही लोडवरच मोजा. मीटरचं एक टोक क्लचच्या अर्थ वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थचा बोल्ट सोडून गंज घासा आणि पुन्हा आवळा. पैसे शून्य, फरक मोठा.

आणखी एक चाचणी: इंजिन बंद ठेवून फ्यूजवाल्या वायरीनं बॅटरीचा पॉझिटिव्ह क्लचला क्षणभर द्या. टक् झालं तर कॉइल जिवंत आहे, बिघाड मागच्या वायरीत. दोन वायरींचा क्लच असेल तर प्लस-मायनस उलटं करू नका, आत डायोड असू शकतो.

प्रेशर स्विच हा इलेक्ट्रिकचा सुटा भाग दिसतो, पण बोलतो गॅसबद्दल. गॅस फार कमी झाला की तो सर्किट तोडतो, म्हणजे बिघाड वायरीसारखा भासतो आणि असतो गळतीचा. दोन वायरींचा जुना स्विच असेल तर कपलर काढून त्याच्या दोन पिना पाच-दहा सेकंद जोडून बघता येतात. क्लच धरला तर जोडणी लगेच काढा आणि थेट एसीवाल्याकडे जा. तीन वायरींचा असेल तर तो सेन्सर आहे. त्याच्या पिना जोडायच्या नाहीत, टेस्ट लॅम्पही लावायचा नाही.

उंदराची वायर आणि जळालेला कपलर

शेतातल्या आखाड्यावर, कडब्याच्या गंजीजवळ किंवा सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी उभी राहत असेल तर इंजिनाच्या वरच्या बाजूला लेंड्या दिसतात का बघा. कुरतडलेल्या वायरीचं प्लॅस्टिक दातांनी खरवडल्यासारखं असतं आणि आत तांब्याच्या तारा चमकतात. एक-दोन जाड वायरी असतील तर घरी जमतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. तांबं काळं पडलेलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागं कापत जा. क्लचच्या वायरीला १ ते १.५ स्क्वेअर एमएमची गाडीचीच वायर घ्या. घरच्या फिटिंगच्या वायरीचं प्लॅस्टिक ७० अंशांपर्यंतचं असतं, इंजिनाजवळ त्याच्या वर उष्णता जाते. गोंदवाली हीट श्रिंक नळी आधी वायरीत ओवा (हे विसरलं की जोड पुन्हा कापावा लागतो), ८ ते १० मिलिमीटर सोलून जोडनळीत क्रिम्प करा (पक्कडीनं दाबून पक्कं करा), ओढून बघा, मग नळी तापवा. दोन जोड समोरासमोर येऊ देऊ नका, दोन-तीन सेंटिमीटर मागंपुढं ठेवा. वर स्लीव्ह आणि कापडी टेप. साध्या काळ्या टेपचा गोंद उन्हाळ्यात पाघळतो आणि टेप सुटून येते.

ब्लोअरचा कपलर का जळतो तेही समजून घ्या. शेवटच्या नंबरवर ब्लोअर २० अँपिअरच्या आसपास ओढू शकतो. सैल पिनेत ०.१ ओहम आला तर २ व्होल्ट तिथंच पडतात आणि त्या एका पिनेत ४० वॅट उष्णता तयार होते, २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त. प्लॅस्टिक आधी तपकिरी होतं, मग वितळतं, आणि डॅशबोर्डमधून करपल्याचा वास येतो. रेझिस्टर हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, तीच हवा त्याला गार ठेवते. आपल्याकडच्या फुफाट्यानं केबिन फिल्टर तुंबला की ती हवा मिळत नाही आणि तो लवकर जातो. पुष्कळ गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे दोन स्क्रूंवर असतो आणि घरी बदलता येतो. पण जळका कपलर तसाच ठेवून नवा रेझिस्टर बसवू नका, तोही जाईल. मोटर घरघरत असेल तर करंट तीच जास्त ओढतेय, आधी ती बघा.

वायरमन की एसीवाला

खड्ड्यात आदळल्यावर बंद-चालू होणारा बिघाड, हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) आत तुटलेली वायर, चार-सहा वायरी एकदम कुरतडलेल्या: इथं गाडीचा अनुभवी वायरमन घरच्या मीटरपेक्षा कितीतरी पुढं आहे. हात हार्नेसवरून फिरवत, वायर वाकवत तो जागा पकडतो. किनवट-माहूरकडून नांदेडच्या शोरूमला जायचं म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वरचा रस्ता, तिथं तालुक्याच्या वायरमनला पर्याय नाही.

त्याच्याकडे एकाच गोष्टीला ठाम नकार द्या: "डायरेक्ट करून देतो." प्रेशर स्विच कायमचा जोडून टाकला किंवा क्लचला वेगळं बटण लावलं, की एसी त्या दिवशी थंड होतो आणि गाडीचं संरक्षण जातं. गॅस संपला तरी कॉम्प्रेसर फिरत राहतो. तेल गॅसबरोबरच फिरतं, त्यामुळं तो कोरडा पडून जाम होतो. इव्हॅपोरेटरच्या (केबिनची हवा गार करणाऱ्या जाळीच्या) सेन्सरला वगळलं तर त्या जाळीवर बर्फ धरतो आणि हवाच बंद होते. एका छोट्या स्विचसाठी हजारोंचा कॉम्प्रेसर पणाला लावण्यात अर्थ नाही. जोड पिळून टेप लावू नका, क्रिम्प करा, हेही आधीच सांगा आणि शक्य तर समोर उभे राहा.

एसीवाल्याचं खरं काम दाबाचं. ४० अंशांच्या उन्हात, एसी बंद असताना, आर-१३४ए गॅसचा दाब गेजवर साधारण ९ बारच्या आसपास असतो. फारच कमी असेल तर गळती आहे. गळती न शोधता, व्हॅक्यूम न करता (आतली हवा-ओल पंपानं ओढून न काढता) नुसता गॅस टॉपअप करणारा माणूस पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला पुन्हा बोलावणार. कॉइल, क्लचची फट, प्रेशर स्विच बदलणं त्याच्याकडेच. गॅसची नळी घरी कधीच उघडू नका; गॅस डोळ्याला लागला तर बुबुळ गोठून इजा होते.

शोरूम कधी

गाडी वॉरंटीत असेल तर फ्यूज-रिले बघण्याच्या पुढं जाऊ नका. हार्नेस कापला की त्या कामाची वॉरंटी अडचणीत येते. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल, क्लच नसलेला कॉम्प्रेसर, किंवा ईसीयू रिलेला हुकूमच देत नाही असा बिघाड असेल तर स्कॅनरशिवाय अंदाज बांधणं म्हणजे पार्टवर पार्ट बदलत बसणं. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या केशरी (हाय व्होल्टेजच्या) केबलला हात लावायचाच नाही. डॅशबोर्डखालची पिवळ्या कपलरची वायर एअरबॅगची, तिथंही टेस्ट लॅम्प नको.

शोरूमची मर्यादा अशी, की तिथं कल जोड देण्यापेक्षा पूर्ण पार्ट बदलण्याकडे असतो. आठ-दहा वर्षांच्या गाडीला एका कपलरसाठी पूर्ण हार्नेसचं कोटेशन हाती आलं, तर सही करण्याआधी नेमकी कोणती पिन, कोणती वायर खराब आहे हे लिहून मागा. तो कागद घेऊन चांगल्या वायरमनकडे गेलात तर अर्धं काम आधीच झालेलं असतं.

काम कुणीही केलेलं असो, नंतर ब्लोअर फुल करून एसी २० मिनिटं एका जागी चालवा, गाडी बंद करा आणि लगेच नवा जोड, कपलर आणि रिले बोटांनी चाचपा. शेजारच्या वायरीपेक्षा जोड गरम लागला तर तो कच्चा आहे. त्याच दिवशी पुन्हा करून घ्या.